शिकऱ्याच्या खांद्यावरचा हुक

प्रिय हिरो,

'प्रिय' वाचून लगेच फुशारून जाऊ नकोस. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरने पत्राचा मायना असा काही घोटून घेतला होता, की वकिलाच्या नोटिशीला उत्तर लिहायला बसले तरी माझ्या हातून आधी 'प्रिय'च उमटतं. आणि नावाने हाक मारत नाही, कारण सेटवर तुला कुणीच नावाने हाक मारायचं नाही. दिवे उचलणाऱ्यांपासून दिग्दर्शकापर्यंत सगळे 'हिरो' म्हणायचे, आणि ते ऐकलं की तू हनुवटी बोटभर वर करायचास. परवा टीव्हीवर पाहिलं, अजून करतोस. आता हनुवट्या दोन झाल्यात, पण वर दोन्ही जातात.

तो कार्यक्रम मी लावला नव्हता. धाकटीने लावला. नवरा गेल्यापासून माझी ही बहीण माझ्याकडेच असते, आणि संध्याकाळी शेंगा मोडायला बसली की तिला समोर कुणीतरी बोलत असलेलं लागतं. मी बोललेलं चालत नाही. बाहेरून ओरडली, "ताई, पळत ये, तुझे तिन्ही शिकरे एका सोफ्यावर बसलेत!" 'पळत ये' म्हणायला तिला बरं सुचतं. मी चष्मा आणि काठी शोधून येईपर्यंत तुमची वेलबुट्टीची ओळख संपली होती. शिकरा, तो छपरांवरून झेपावणारा मुखवट्यातला वीर, पडद्यावर साकारलेले तुम्ही तिघं खरंच ओळीने बसला होतात. पहिला तू, मग तो मधला, आणि कडेला तो नवा पोरगा, ज्याचा शिकरा आता गावोगाव लागलाय. शीर्षक काय, तर 'खरा शिकरा कोण?' मी खुर्ची पुढे ओढली. ह्या विषयावर सगळ्यात जास्त अधिकार असलेली व्यक्ती त्या स्टुडिओत नव्हती, माझ्या घरात खुर्चीवर बसली होती.

मधल्याबद्दल आधी सांगते, कारण त्याच्यावर फार वेळ घालवायचा नाही. त्याने शिकऱ्याची व्यायामशाळा करून टाकली. पोशाखात स्पंज भरून छाती फुगवली, आणि उडी मारून खाली आला की धान्याचं पोतं आदळल्यासारखा येतो. कॅमेरा हलवून तो दणका लपवावा लागतो. आणि झेप घेण्याआधी शिकरा उजवा हात डाव्या खांद्याला लावतो, ती जी खूण झालीय, ती तर हा डास मारल्यासारखी करतो. नव्याचं उलट. तो खांद्यावर तळवा ठेवतो, डोळे मिटतो, लांब श्वास घेतो, पापणी थरथरवतो. तेवढ्या वेळात खलनायक घरी जाऊन जेवून, आडवा होऊन परत येईल. पण न्यायाने बोलायचं तर त्या पोराला उभं राहता येतं. कठड्यावर तो वजन टाचांवर घेत नाही, चवड्यांवर घेतो. कुणाकडे तरी नीट बघून शिकलाय, हे मला पहिल्याच दृश्यात कळलं होतं. कुणाकडे, तेही कळलं होतं.

आता तू. तुझ्या चित्रपटात मला नेहमी दोन माणसं दिसतात. एक तो दिवसाचा घड्याळदुरुस्तीवाला, दुकानात बसणारा, भित्रा. डोळ्याला भिंग लावून तू घड्याळात असा बघतोस, जणू विहिरीत कुणी पडलंय. एक वाक्य बोलायला तुला भुवया, नाकपुड्या आणि दोन्ही खांदे लागतात. आणि दुसरा तो मुखवट्यातला, छपरांवरचा. त्याची एकही हालचाल फुकट जात नाही. तो वळतो तेव्हा आधी मान नाही, पाऊल वळतं. भिंतीवरून उतरतो तो गुडघे जुळवून, आवाज न करता, मांजर उतरावी तसा. त्या सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीलाही हे दिसलं असावं, कारण तिने विचारलं, एकाच नटात इतका फरक कसा? तू सोफ्यावर मागे रेललास आणि म्हणालास, "मुखवटा चढवला, की मी मी उरत नसे." धाकटी एवढी हसली की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. हिरो, इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून निघालेलं हे एकमेव खरं वाक्य.

तेवढ्यावर थांबला असतास तर मी चॅनेल बदलून झोपायला गेले असते. पण नव्याने तुला भाबडेपणाने विचारलं, "सर, ते गुडघे जुळवून उतरणं मला महिनोन्‌महिने सराव करूनही जमलं नाही. माझी कंबर तशी वळतच नाही. तुम्ही कसं केलंत?" तू नुसतं वर बघितलंस आणि म्हणालास, "साधना." मग खांद्याच्या खुणेचा विषय निघाला. तुझ्या आईने लहानपणी निरोप देताना तिथे हात ठेवला होता म्हणे, आणि ती गेल्यावर तू तो स्पर्श शिकऱ्याला दिलास. त्या मुलीने डोळे पुसले. तुझी आई आमच्या शूटिंगला डबा घेऊन येत होती, हिरो! चांगली ठणठणीत होती आणि माझ्याशी दोऱ्याच्या रंगावरून भांडायची.

आणि मग ते. पोशाखाबद्दल विचारलं तेव्हा तू हसत हसत सांगितलंस, की कपडेपटात एक मुलगी होती, बिचारी जरा माझ्या मागे मागे असायची, बटणं लावायच्या निमित्ताने रेंगाळायची. सगळे हसले. मधला तर मांडीवर थाप मारून हसला. धाकटीचा हात शेंगेवरच थांबला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ताई, हा मेला तुझ्याबद्दल बोलतोय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'बिचारी' ऐकून नव्हे, 'मागे मागे' ऐकूनही नव्हे. बटणं! त्या पोशाखाला एकही बटण नव्हतं. सगळे हुक होते. तो पोशाख जो माणूस एकदा तरी धड अंगात घालून फिरला असेल, त्याला हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल.

तुला पहिला दिवस आठवतो का, की त्यावरही तू काही नवीन शिवून घेतलंयस? गच्चीचा सेट, ऊन उतरायला लागलेलं, दिग्दर्शक घड्याळ बघून दात-ओठ खातोय. मी तुझ्या मापाचा पोशाख शिवून आणला होता, तू तो घातलास, शोभलाही. मग मी मुखवटा तुझ्या डोक्यावरून ओढला, आणि तू किंचाळलास. चामड्याला आतून अस्तर होतं, नाकाशी फट होती, हवा येत होती, पण तू तो नखांनी ओरबाडून काढलास आणि पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसलास. लहानपणी खेळता खेळता कपाटात कोंडला गेला होतास, हे तू मला नंतर सांगितलंस. त्या भीतीला मी कधी हसले नाही, कुणाला सांगितलीही नाही. आजही हसत नाही, याची नोंद घे. दिग्दर्शक बोंबलत होता. तेव्हा फाइट मास्तरने माझ्याकडे पाहिलं. शाळेत मी कसरतीत पहिली यायचे हे त्याला ठाऊक होतं, कारण कपडेपटातल्या उंच फळीवरून शिडी न लावता उतरताना त्याने मला पाहिलं होतं. म्हणाला, "उंची तीच आहे. हिला घाला आत. मुखवट्यात कोण बघतंय?" दिग्दर्शक म्हणाला, "मास्तर, ही बाई आहे." तर मास्तर म्हणतो, "साहेब, शिकरा पक्ष्यात मादीच मोठी असते."

मी तिथेच, पडद्यामागे, पोशाख उसवला. खांदे आत घेतले, छातीला टक्स घातले, कमर आवळली. घाईत पाठीवरच्या झुलीचा हुक डाव्या खांद्यावर थोडा तिरका बसला. मास्तरने मला बजावलं होतं, "झूल सुटली तर कमरेच्या दोरात अडकेल आणि तू खाली येशील ती चौकटीच्या बाहेर." म्हणून कठड्यावरून झेप घेण्याआधी मी उजव्या हाताने खांदा चाचपला. हुक लागलाय ना, एवढंच बघितलं. दिग्दर्शक नाचायला लागला, "हे ठेवा! प्रत्येक वेळी करा!" मग मी प्रत्येक वेळी केलं. ह्या एका हुकापायी मधला डास मारतो, नवा डोळे मिटतो आणि तू आईला मारून टाकलंस.

सबंध चित्रपट मीच होते, हे तुला सांगायला नको. छपरं मी, भिंती मी, पुलावरची मारामारी मी. भिंग आणि भुवया तू. संध्याकाळी कपडेपटात मी अस्तर वाळत घालायचे आणि तू दाराशी उकिडवा बसून मला सगळं विचारायचास. उंचावर पोटात काय होतं, उतरताना श्वास सोडतेस की धरतेस. मला वाटायचं, माझी काळजी आहे. मागे मागे कोण रेंगाळायचं, ते कपडेपटाच्या उंबऱ्याला विचार. "आत्ता कळलं तर चित्रपट पडेल," असं म्हणायचास, "लोकांना सवय होऊ दे, मग तुला हाताला धरून स्टेजवर नेतो." आणि मी, सिस्टरच्या हाताखाली तयार झालेली, कुणाच्या बापाला न घाबरणारी मुलगी, ते खरं मानून बसले. प्रेमात माणूस अशिक्षित होतो, कॉन्व्हेंटची फी भरलेली असली तरी.

मग टाकीवरचा शॉट. त्याच्या आदल्या दिवशी मासिकाचा फोटोवाला आला होता आणि मी कापड आणायला बाजारात गेले होते. तू माझ्या मापाच्या त्या पोशाखात घुसलास. घुसलास कसला, कोंबलंस स्वतःला. खांद्याची शिवण उसवली, हुक वाकला. तू तो बोटांनी दाबून जागेवर बसवलास आणि कुणाला काही बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी टाकीवर मी खांदा चाचपला. हुक हाताला लागला. झेपेत तो सुटला, झूल दोरात गेली, आणि खालच्या सिमेंटवर माझा गुडघा आधी पोचला.

इस्पितळात तू रोज यायचास. पहिल्याच दिवशी रडत रडत हुकाचं सांगून टाकलंस, आणि मी प्लास्टरमधून तुलाच समजावलं, की असू दे, मुद्दाम थोडंच केलंस. मग मी काठीवर चालायला शिकू लागले. नर्स मला वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची आणि तू खाटेवर बसून टक लावून बघायचास. काठी कोणत्या हातात, पाय आधी की काठी, वजन कधी टाकायचं. नर्स मला म्हणाली, "तुमचे हे किती लक्ष देतात!" मी लाजले, हिरो. त्या वयाची शपथ, मी लाजले. मग एका सकाळी वर्तमानपत्रात तुझा फोटो आला. चित्रपटाच्या पहिल्या खेळाला तू काठी टेकत आला होतास. खाली लिहिलं होतं, 'जिवावर बेतलेल्या झेपेनंतर'. काठी बरोबर हातात होती. वजन बरोबर टाकलं होतंस. भुवया कुठेच नव्हत्या. ती तुझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली भूमिका, आणि तिची तालीम तू माझ्या उशाशी बसून केलीस.

त्यानंतर तू इस्पितळात आला नाहीस. शौर्याचं पदक घ्यायला मात्र गेलास. पुढच्या वर्षी दुसरा भाग करायचं ठरलं तेव्हा तू गंभीर चेहऱ्याने जाहीर केलंस, की शिखरावर असतानाच मी हा पोशाख सन्मानाने उतरवतो आहे. लोक हळहळले, काय हा त्याग! माझा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तुझा त्याग. मी त्याच कॉन्व्हेंटमध्ये शिवणाची बाई म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तू लंगडलास तर तुला पदक मिळालं. मी लंगडले तर मुलींनी मला 'टकटक बाई' नाव ठेवलं. मुलींवर राग नाही. व्हरांड्यात माझी काठी वाजली की गणवेशाचे हेम सरळ करायच्या, म्हणजे धाक होता.

आता ताजी बातमी. कार्यक्रमाच्या शेवटी तू छातीवर हात ठेवून जाहीर केलंस, की जुन्या स्टुडिओत शिकऱ्याचं जे प्रदर्शन उघडतंय, त्याच्या पहिल्या दिवशी तू मूळ पोशाख पुन्हा घालून स्टेजवर येणार, कारण शिकऱ्याचं अंग शिकऱ्याला विसरत नाही. तुला वाटलं असणार, मूळ पोशाख कधीच कसरीने खाल्ला. तुझ्या शिंप्याने तुझ्या आताच्या पोटावर नवा शिवला, जरा मळवला, उसवला, आणि झाला मूळ. चांगली युक्ती. फक्त ती आखण्याआधी माझ्या माळ्यावर काय आहे ते बघायला हवं होतंस.

नवा पोरगा मात्र बघायला आला. त्याला झूल शिवलेल्या बाईला भेटायचं होतं. झूल वाऱ्यात तशी कशी पडते, एवढंच विचारायचं होतं. धाकटीने त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि स्वतःच्याच भाचरासारखं दटावलं, "चित्रपटात इतका वेळ डोळे मिटून काय उभा राहतोस रे? झोप येते का?" मी बॅग काढायला स्टुलावर चढले होते. बॅग खाली दिली, आणि उतरण्याआधी, सवयीने, खांदा चाचपला. मग फळी धरून उतरले, गुडघे जुळवून, दुखऱ्यासकट. मागे वळले तर पोरगा खुर्चीतून उठून उभा राहिलेला, तोंडाला रंग नाही. माझ्या खांद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते कशासाठी केलंत?" मी म्हटलं, "हुक लागलाय का बघायला." तो आधी हसला, मग खाली फरशीवरच बसला, आणि मग मला हसतोय की रडतोय ते कळेना. त्या एका खुणेसाठी त्याने शिकऱ्याच्या मेलेल्या भावाची सबंध कहाणी मनाशी रचली होती. धाकटी म्हणाली, "उठ बाळा, फरशी गार आहे."

आता हे पत्र का, ते ऐक. पोस्टाने पाठवलं असतं तर तुझ्या छातीत कळ आली असती, डॉक्टरची चिठ्ठी आली असती आणि तू आलाच नसतास. म्हणून ते धाकटीच्या हातून, मेकअपच्या खोलीत देतेय. तू आरशासमोर बसला आहेस, गळ्यात टॉवेल आहे, बाहेर लोक शिट्या मारताहेत. तुझ्या शिंप्याचा पोशाख प्रदर्शनवाल्या मुलीने काढून ठेवलाय, कारण नव्या पोराने आणि मी तिला खरा नेऊन दिला. आरशात बघ, तुझ्या पाठीमागच्या खुंटीवर तोच टांगलाय. हात लावून बघ. खांदे बघ, छातीचे टक्स बघ, वाकलेला हुक अजून तसाच ठेवलाय तो बघ. तुला दोन वाटा आहेत. एक, मागच्यासारखं त्यात स्वतःला कोंब आणि उसवलेल्या शिवणींनी लोकांसमोर जा, मग तुझ्यानंतर माइक त्या पोराच्या हातात आहे. दुसरी, तो पोशाख दाराशी उभ्या असलेल्या माझ्या बहिणीच्या हातात दे, आपल्या साध्या कपड्यांत बाहेर जा, आणि आत कोण होतं ते स्वतःच्या तोंडाने सांग. हाताला धरून स्टेजवर नेणार होतास ना? मी पहिल्या रांगेत काठी घेऊन बसले आहे, फार लांब चालावं लागणार नाही. आणि एक, कमरेत मी तो थोडा सैल केलाय. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. मुखवटा शोधू नकोस. तो मी आणलेलाच नाही.

तुझीच,
म्हणजे खरं तर तूच